धुरात लागलेली रांग

चोवीस वर्षं मी बायकांच्या पाठी चाचपल्या. असं सांगितलं की समोरचं माणूस आधी दचकतं आणि मग माझ्या हातांकडे बघतं. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, "विहीणबाई, तुमचं नोकरीत नेमकं काम काय?" मी खरं ते सांगितलं. बिचारे पंगतीत दोन पानं सोडून बसले.

काम असं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दागिन्यांचा एक कारखाना होता, परदेशात माल पाठवणारा. नाव सांगत नाही, त्यांचं मीठ खाल्लंय. तिसऱ्या मजल्यावर सगळ्या बायका, शंभर-सव्वाशे. खडे बसवायच्या, कानस मारायच्या, पॉलिश करायच्या. आणि दारात मी. जेवायला निघा, घरी निघा, नाहीतर पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात निघा, माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पाय टाकता यायचा नाही. हात वर करायचे, बोटं फाकवायची, अंबाडा सोडायचा. मी केसांतून, मानेवरून, काखेतून, पाठीवरून, कमरेवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, "पुढची."

बाहेरच्यांना ही चेष्टा वाटते. पण सोनं हे फार लबाड. कानस मारली की त्याचा कीस उडतो आणि नखांत, भुवयांत, अंबाड्यात जाऊन बसतो. तिथे हात धुतलेलं पाणी गटारात सोडत नसत, टाकीत साठवत. जुने ॲप्रन आणि पायपुसणी फेकत नसत. जाळून त्यांच्या राखेतून सोनं काढत. जिथे पायपुसण्यावर विश्वास नाही, तिथे बाईवर कोण ठेवणार?

सकाळी आत येताना बायकांनी आपापले दागिने खाली फाटकापाशी कप्प्यात काढून ठेवायचे. मंगळसूत्रसुद्धा. नवीन लग्न झालेली एक पोर पहिल्याच दिवशी मंगळसूत्र काढताना रडायला लागली. आमच्या कमळाबाई, मालवणकडच्या, मजल्यावर सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, "गो बाय, घोव काय त्या मण्यांत बसलो हा? काढ बिनधास्त!" पोर रडता रडता हसली. कमळाबाईंना गुदगुल्या फार. रोज संध्याकाळी माझा हात कमरेशी गेला की त्या किंचाळायच्या आणि मागची रांग खिदळायची. वीस वर्षं तोच विनोद, तरी कधी शिळा झाला नाही.

मी नववी शिकलेली. मानसशास्त्र वगैरे मला ठाऊक नाही. पण मला विचाराल तर हात जितकं सांगतात तितकं तोंड सांगत नाही. कोणाला ताप आहे, कोणाला दिवस गेलेत, कोणी घरून मार खाऊन आलंय, हे मला नवऱ्याआधी, डॉक्टरआधी कळायचं. ठाऊक असूनही मी "पुढची" एवढंच म्हणायचे. नोकरी तशी होती.

आता निर्मलाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं.

निर्मला घाटकोपरची. खडे बसवण्यात तिच्यासारखा हात मजल्यावर दुसरीचा नव्हता. एका संध्याकाळी तिच्या ट्रेमध्ये कानातल्याचा एक नग कमी भरला. मी तिला तपासलं. मॅनेजर साहेब म्हणाले, "परत." मी परत तपासलं. मग दारापाशी स्टूल ठेवून तिला तिथे बसवलं. मजल्यावरच्या सगळ्या बायका एकेक करून तिच्यासमोरून घरी गेल्या. काही जणींनी तिच्याकडे बघितलं. काही जणींनी बघितलं नाही, ते जास्त वाईट. तिच्या अंगावर काही नाही हे माझ्या हातांना पहिल्या खेपेलाच कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

नग दुसऱ्या दिवशी पॉलिशच्या मशीनच्या पिशवीत सापडला. साहेब म्हणाले, "चला, मिळालं एकदाचं." एवढंच. तिची माफी कोणी मागितली नाही. मीही नाही. त्यानंतर निर्मला रांगेत माझ्यासमोर आली की मी सांगायच्या आत हात वर करायची आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहायची. सहा वर्षं तिने मला "बाई" यापलीकडे दुसरा शब्द दिला नाही.

आता आगीच्या सरावाचं. वर्षातून एकदा आग विझवायचं शिकवणारे एक साहेब यायचे, निवृत्त गृहस्थ, मिशा पांढऱ्या. भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी जिन्याने खाली उतरायचं. बायका हसत, मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून उतरायच्या. पहिल्याच वर्षी आमच्या मॅनेजर साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सावंतबाई, सराव असला तरी माल टेबलावर आहे. तपासल्याशिवाय एकीलाही सोडू नका." मी मान हलवली. मिशावाले साहेब खाली घड्याळ धरून उभे. मी वर एकेकीचा अंबाडा सोडतेय. त्यांनी वर येऊन हे बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, आग लागेल तेव्हापण हेच करणार का?"

मी म्हटलं, "तेव्हा कशाला करीन साहेब? तेव्हा काय मला कळणार नाही?"

किती शहाणी समजत होते मी स्वतःला.

त्या दिवशी दुपारची जेवणं झाली होती. बायकांच्या डोळ्यांवर जराशी झापड, रेडिओ बारीक आवाजात. मला वास आला. मी दारातून विचारलं, "काय गं, वास येतोय का?" पुढच्या टेबलावरची म्हणाली, "येतोय. खालच्या मजल्यावर काहीतरी तापवत असतील." तिने शेजारणीकडे बघितलं. शेजारीण काम करत होती म्हणून ही काम करायला लागली. आणि शेजारणीनेही हिच्याकडे बघूनच मान खाली घातली होती. मी दोघींकडे बघून स्टुलावर बसले. अशा आम्ही शंभरजणी एकमेकींच्या भरवशावर वास घेत बसलो.

मग मागच्या टोकाला, जिथे संकटाच्या वेळी उघडायचं दुसरं दार होतं, तिथल्याच विजेच्या पेटीतून फट्कन आवाज झाला आणि काळा धूर छताला लागला. भोंगा वाजला. मागचं दार धुरात गेलं. उरलं माझं.

सिनेमात दाखवतात ना, किंकाळ्या, चेंगराचेंगरी, एकमेकांना तुडवणं? तसं झालं असतं तर मला निदान कळलं तरी असतं की संकट आलंय. तसलं काही झालं नाही. बायकांनी हातातला नग ट्रेमध्ये ठेवला. नग मोजले. ट्रे शिल्पा मॅडमकडे नेऊन दिला. शिल्पा मॅडम म्हणजे मजल्याच्या सुपरवायझर. त्या तिजोरीपाशी उभ्या राहून एकेकीचा ट्रे घेत होत्या, टिक करत होत्या. मग बायका माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रोजच्या क्रमाने, रोजच्या रांगेत. एक तर म्हणालीसुद्धा, "ए, मी हिच्या मागे असते, तू मध्ये कुठे घुसतेस?" मागे धूर पंख्याच्या पात्यांपर्यंत उतरला होता.

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी तपासायला लागले. केस, मान, काख, पाठ, कंबर. "पुढची." केस, मान, काख, पाठ, कंबर. "पुढची." चार बायका मी नीट तपासून सोडल्या. डोक्यात विचार आला नाही असं नाही. आला, पण तो कुठेतरी लांब होता, शेजारच्या घरात कोणी बोलावं तसा. हात आपले चालले होते.

पाचवी निर्मला. हात वर, नजर भिंतीवर. चेहरा रोजच्यासारखा दगडी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या तळव्याखाली तिचं काळीज असं धडधडत होतं, असं धडधडत होतं, जसं जाळ्यात सापडलेलं पाखरू. वरून काही दिसत नव्हतं. मी रांगेकडे बघितलं. सगळे चेहरे तसेच. शांत, शहाणे, रांगेत. तेव्हा मला उमगलं की या सगळ्याजणींच्या आत हेच चाललंय आणि त्या माझ्यासाठी थांबल्या आहेत. त्यांना आगीने नाही, मी अडवलंय.

मी तपासणीच्या आडोशाला लावलेला पडदा ओढून तोडला. दाराची दोन्ही पानं भिंतीला लावली आणि ओरडले, "जा! तपासणी नाही, जा सगळ्या!"

एकही हलली नाही.

निर्मला माझ्याकडे वळली. सहा वर्षांनी पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाली, "बाई, मागच्या वेळी दोनदा तपासून मी चोर ठरले. आज न तपासता जाऊ? उद्या एक नग कमी भरला तर चोर शोधायला कोणाच्या दारात जाणार आहात?"

मागून आवाज, "खरं आहे. तपासा ना बाई, पटकन तपासा."

"चोर म्हणवून घ्यायचं नाही आपल्याला."

धूर घशात जात होता. त्या खोकत होत्या आणि हात वर करून उभ्या होत्या. लोक म्हणतात गर्दीला अक्कल नसते. अहो, या गर्दीला अक्कल होती, आठवण होती, अब्रू होती. मरणापेक्षा उद्या सकाळची त्यांना जास्त भीती होती. आणि ती भीती आम्ही घातलेली, मी माझ्या या हातांनी.

मी काय केलं ते मला सुचलं असं म्हणत नाही. हातांना सुचलं. मी निर्मलाच्या पाठीवर जोरात एक थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "झाली तपासणी! पुढची!"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग गेली. पुढची आली, थाप. "झाली! पुढची!" थाप. "झाली!" मग दोन्ही हातांनी दोन रांगा. थाप म्हणजे काय, अर्धा धक्काच होता तो. पण "झाली" हा शब्द ऐकला की त्यांचे पाय सुटत होते. "पळा" म्हटल्यावर जे पाय खिळले होते, तेच. घाबरलेल्या माणसांना नवीन काही सांगू नये, एवढं मी त्या दिवशी शिकले. त्यांना जे ठाऊक असतं, तेच घाईघाईने उरकून द्यावं.

कमळाबाईंचा नंबर आला. त्या गुडघ्यांनी अधू, रांग मागे तुंबली. मी थाप मारली तशी धुरातून आवाज आला, "हळू मार गो सावंतीण, पाठ मोडशीत माजी! आणि आज गुदगुल्ये नाय करूचे?" खोकणाऱ्या रांगेत हसू फुटलं. दोन पोरींनी कमळाबाईंना काखेत धरून उचललं आणि जिन्याने नेलं. त्या हसण्याने रांग जशी सुटली तशी माझ्या ओरडण्यानेही सुटली नव्हती.

सगळ्या गेल्यावर मी पदर नाकाला लावून आत बघितलं. न्हाणीघर रिकामं. तिजोरीपाशी मात्र शिल्पा मॅडम. खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि एकेक ट्रे आत सरकवत होत्या. "चार राहिलेत, सावंतबाई, चारच."

"मॅडम, सोनं वितळलं तर परत ओततील. तुम्ही चला."

"चावी माझ्याकडे आहे हो!"

चावीसकट मी त्यांना दंडाला धरून ओढलं. जिन्यात त्यांना खालून धावत आलेल्या गड्यांच्या हवाली केलं. मग परत वर गेले. का, तर मघाच्या गोंधळात न्हाणीघरामागचा कपडे बदलायचा कोपरा बघायचा राहिला होता. तिथे कोणी नव्हतं. पण दोन मिनिटं मी त्या मजल्यावर एकटी होते. उघडी तिजोरी, टेबलावर चार ट्रे आणि मी. हे लक्षात ठेवा.

खाली आवारात ऊन होतं. बंब आला होता, पाइप सोडत होते. कोणाच्या जिवाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. शिल्पा मॅडमना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, एवढंच. बायका फाटकापाशी उभ्या होत्या, मोकळ्या गळ्यांनी. कोणी घरी गेलं नव्हतं. कप्पे उघडा, मंगळसूत्र द्या, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मॅनेजर साहेब माझ्याकडे आले. त्यांचाही चेहरा पांढराफटक पडला होता, माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला. "सावंतबाई, सगळ्यांची तपासणी झाली?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"झाली," मी म्हटलं.

"एवढ्या लवकर? शंभर बायकांची?"

खोटं बोलायची सवय नाही, मी उगाच पदर खोचायला लागले. तेवढ्यात निर्मला पुढे आली. "नाही झाली, साहेब. वर धूर होता, बाईंनी आम्हाला नुसतं हात लावून सोडलं. आता करतील. म्हणून तर थांबलोय."

आणि ती वळून बायकांना म्हणाली, "ओढण्या धरा गं."

चौघींनी ओढण्यांचा आडोसा केला. रांग लागली, तीच, त्याच क्रमाने. साहेब म्हणाले, "अहो, आता काय…" पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. मी एकेकीला तपासलं. केस काजळीने माखलेले, अंगाला धुराचा वास, पाठी घामाने ओल्या. काही जणींची काळजं अजून उडत होती. एकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडून घेतलं, हात वर तसेच ठेवून. मी तिला पुरतं रडू दिलं. रांगही थांबली. सव्वाशेजणी. कोणापाशी सोन्याचा कण नव्हता.

निर्मला या वेळी शेवटी उभी राहिली होती. तिला तपासलं. नेहमीसारखी ती निघून जाईल म्हणून मी बाजूला झाले. ती गेली नाही.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

"मी काय?"

"तुम्ही सगळ्यांत शेवटी उतरलात. तिजोरी उघडी होती. उद्या कोणी विचारलं तर तुमच्या बाजूने कोण बोलणार?" आवाज हळू करून म्हणाली, "स्टूल कठीण असतं, बाई. मी बसलेय त्याच्यावर."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. साहेबांकडे बघितलं तर त्यांनी नजर चुकवली. म्हणजे त्यांच्या डोक्यात आलं होतं.

मी हात वर केले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. वर धरल्यावर हात किती जड होतात हे मला माहीत नव्हतं. तिने माझा अंबाडा सोडला, केसांतून बोटं फिरवली. मान, काख. माझ्यासारखंच, त्याच क्रमाने. शिकली होती माझ्याकडूनच. पाठीवर हात आला तेव्हा तो थांबला. माझं काळीज उडत होतं, आणि ते तिला कळलं हे मला कळलं. तिने हात तेवढा जरा जास्त वेळ ठेवला.

मग ओढणी बाजूला करून सगळ्यांना, साहेबांना, बंबावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाईंपाशी काही नाही. नीट बघितलंय मी."

कमळाबाई म्हणाल्या, "मगे आता मंगळसूत्रां देवा आमची. घोव वाट बघतत."

दुसऱ्या दिवशी तिजोरीतला आणि टेबलावरच्या चार ट्रेमधला माल मोजला. सगळा होता, काजळलेला, पण होता. नंतर मी साहेबांना सांगितलं की यापुढे सराव असो की आग, तपासणी खाली उन्हात, वर नाही. त्यांनी मान्य केलं. मिशावाले साहेब पुढच्या वर्षी आले तेव्हा घड्याळ बघून हसले.

निर्मलाची माफी मी माल मोजला त्याच संध्याकाळी मागितली, आवाराच्या बाहेर, बसची वाट बघताना. सहा वर्षं उशिरा. ती म्हणाली, "तेव्हा एक वाक्य बोलला असतात ना, तर पुरे होतं."

कोणतं वाक्य ते तिने सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी आवारात तिने ते माझ्यासाठी मोठ्याने म्हटलं होतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दारात माझ्यासमोरून जी गेली, तिच्या पाठीवरून हात काढताना मी "पुढची" म्हटलं नाही. मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "काही नाही हिच्यापाशी. जा बाय, नीट जा."